चढावरचा हात

हर्सूलच्या वेल्डिंगवाल्यानं कटर हातात घेतला, परत खाली ठेवला आणि तिसऱ्यांदा विचारलं, "ताई, नक्की कापू का?"

"काप."

"अहो, पण खुर्चीच्या मागच्या मुठीच कापल्या तर कुणी लोटणार कसं तुम्हाला?"

"लोटायचंच नाहीये."

तो बिचारा गोंधळला. चाकाच्या खुर्चीला मुठी बसवून घेणारं गिऱ्हाईक त्यानं पाहिलं होतं, मुठी कापून घ्यायला आलेलं हे पहिलंच. शेवटी ठिणग्या उडाल्या, दोन्ही मुठी खाली पडल्या आणि दीपमाला सांडू जाधव स्वतःच्या हातांनी चाकं फिरवत घरी आली. दारात तिची आई, कडूबाई, तांदूळ निवडत बसली होती. तिनं खुर्चीच्या पाठीकडं पाहिलं आणि एवढंच म्हणाली, "शेपूट छाटलेल्या कुत्र्यावानी दिसायलीय."

हे दीपमालानं उगाच केलं नव्हतं. बारा वर्षं ती लोकांच्या मदतीनं हैराण झाली होती. औषधाच्या दुकानासमोर ती पिशवी उघडून चिठ्ठी शोधत असायची, तर मागून कुणीतरी 'चला ताई' म्हणून खुर्ची सरकवायचं. देवळात तर विचारूच नका. एकदा जालना रोडवर एका भल्या गृहस्थानं तिला काही न विचारता, हात वर करून गाड्या थांबवत, भर वाहतुकीतून पलीकडं नेऊन सोडलं होतं. वर "देव बरं करो" म्हणून तो निघूनही गेला. तिला जायचं होतं अलीकडच्याच चष्म्याच्या दुकानात. परत येताना गाड्या कुणासाठी थांबतात! पाऊण तास ती दुभाजकाकडं बघत बसली होती.

एकोणीस वर्षांची असताना देवगाव रंगारीहून शहरात कॉलेजला येणारी काळीपिवळी जीप उलटली. बाकीच्यांचे हातपाय मोडले आणि जुळले. दीपमालाचा कणा दुखावला आणि कमरेखालचं अंग तिचं राहिलं नाही. कडूबाई शेत, म्हशी आणि नवरा गावी सोडून लेकीपाठोपाठ हर्सूलच्या दोन खोल्यांत आली, ती तिथलीच झाली. सांडू अण्णा गावीच राहिले. दर शनिवारी ते भाजीची पिशवी घेऊन यायचे आणि रविवारी दुपारच्या गाडीनं परत जायचे. दीपमालानं बी.ए. पुरं केलं, एका खासगी कॉलेजच्या परीक्षा विभागात चिकटली, आणि इथंच तिची गोष्ट संपली असं सगळ्या नातेवाइकांनी परस्पर ठरवून टाकलं.

ती संपली नाही, कारण तिला सिडकोत राहणारी वैदेही भेटली. वैदेही फिजिओथेरपिस्ट. बोलायला गोड, पण व्यायाम करून घेताना सासूहून कडक. तिनं एकदा मोबाईलवर एक शर्यत दाखवली. आधी साडेसातशे मीटर पोहायचं. मग जमिनीलगत पाठीवर आडवं पडून हातांनी फिरवायच्या सायकलवर वीस किलोमीटर. मग तीन चाकांच्या लांबुळक्या खुर्चीत बसून, चाकांच्या कड्यांना ठोसे मारत पाच किलोमीटर. सगळं सलग आणि सगळं हातांच्या जोरावर.

दीपमालानं ती तीनदा पाहिली. मग म्हणाली, "ह्यात कुणी मागून लोटत नाही."

"लोटलं तर बादच करतात," वैदेही म्हणाली.

"मग हे माझंच आहे."

तिथपासून सहा वर्षं. आता शहरात कुणी "तुम्ही खेळाडू ना?" असं विचारतं तेव्हा दीपमालाला वाटतं, ह्यांना सांगावं की खेळ सोपा आहे हो, खेळाच्या अलीकडचं सगळं अवघड आहे. पोहायचा तलाव होता, पण त्याला अकरा पायऱ्या. उन्हाळा लागला की तोही बंद, कारण जिथं घरच्या नळाला आठ-आठ दिवसांनी पाणी येतं तिथं तलावात कोण सोडणार? मग ती गावी जायची आणि घरच्या विहिरीत पोहायची. सांडू अण्णा पायऱ्यांच्या तोंडाशी पाठ वाकवून उभे राहायचे. ती त्यांच्या गळ्यात हात टाकेपर्यंत तसेच वाकून थांबायचे आणि मग एकेक पायरी उतरायचे. विहिरीच्या कडेकडेनं एक फेरी म्हणजे पंचवीस मीटर, हे वैदेहीनं दोरी धरून मोजलं होतं. तीस फेऱ्या झाल्या की साडेसातशे. अण्णा काठावर बसून तीस भुईमुगाच्या शेंगा मांडीवर घ्यायचे आणि फेरीमागं एक सोलून खायचे.

"बाई, शेंगा संपल्या. ये वर."

"अण्णा, आत्ता तर सव्वीस झाल्या!"

"मंग चार शेंगा किडक्या निघाल्या असतील. पवून घे अजून."

विहिरीत सदा डावीकडं वळत पोहून तिला एक खोड लागली. मोकळ्या पाण्यात सोडलं की ती सरळ जाण्याऐवजी डावीकडं वळायची. पहिल्यांदा धरणात पोहली तेव्हा काठावरच्या माणसांना वाटलं, बाईचा विचार बदलला.

सायकलचा सराव जटवाडा रोडला, पहाटे. ती सायकल इतकी बुटकी की ट्रकवाल्याला दिसायचीच नाही. म्हणून कडूबाईनं आपल्या जुन्या लाल लुगड्याचा तुकडा कामटीला बांधून सायकलीला निशाण लावलं. त्यामुळं ती दिसायला लागली, आणि दिसायला लागली म्हणून लोक मदतीला यायला लागले. एकदा एक रिक्षावाले चाचा शेजारून आले. पांढरी दाढी, तोंडात पान.

"आपा, पेट्रोल खतम हो गया क्या? टोचन करूं?"

"चाचा, हात से चलती है ये!"

"हाव, वो तो दिखरा. पर कायकू तकलीफ? एक पाँव लगाया तो सीधा सावंगी!" आणि त्यांनी खरंच एक पाय बाहेर काढून तिच्या सायकलीला टेकवला. दीपमालानं असा काही आवाज काढला की चाचांचं पान रस्त्यावर पडलं.

स्पर्धेचं म्हणाल तर पहिल्या वर्षी संयोजकांचा फोन आला, "मॅडम, महिलांच्या खुर्चीच्या गटात तुम्ही एकट्याच आहात. गट रद्द." पुढच्या खेपेला पाच जणी जमल्या, तर आगगाडीच्या सामानाच्या डब्यात कुणीतरी तिच्या शर्यतीच्या खुर्चीवर फ्रीज ठेवला आणि चाक वाकडं झालं. तिनं इतर चौघींची शर्यत काठावर बसून पाहिली. यंदा ती एकतीस वर्षांची होती. पहिल्या दोघींना देशाच्या सराव शिबिरात घेणार होते. तिथं तलाव होता, उतार होते, प्रशिक्षक होते. तिथं पाण्याची वाट बघावी लागणार नव्हती. एका ओळीत सांगायचं तर दोघींत यायचं होतं.

ह्या शर्यतीत खुर्चीच्या गटातल्या खेळाडूला दोन मदतनीस मिळतात. एक वैदेही होतीच. दुसरी होती वैदेहीची एक मैत्रीण. तिची ऐनवेळी दुसऱ्या गावी बदली झाली. महिना राहिला होता. वैदेहीनं घरभर नजर फिरवली आणि ती कडूबाईवर थांबली.

"मावशी, तुम्ही याल?"

"कुठं?"

"समुद्रकाठी. दक्षिणेत. दीपाला सायकलीतून उचलून खुर्चीत बसवायचं."

"बारा वर्सं तेच करायलेय की," कडूबाई म्हणाली. "त्याला समुद्र कशाला पाह्यजे?"

दीपमालाला हे पटलं नव्हतं. खरं सांगायचं तर तिला भीती वाटली होती. मुठी कापल्यापासून घरात नियम होता, खुर्चीला विचारल्याशिवाय हात लावायचा नाही. आणि तो सगळ्यांत जास्त मोडायची कडूबाईच. भाकरी थापता थापता उठून लेकीला ताटाजवळ सरकवायची. पिठाचे पाच ठसे खुर्चीच्या पाठीवर उमटायचे. दीपमाला ओरडली की म्हणायची, "बरं बया, नाय लावत," आणि दुसऱ्या दिवशी परत ठसे.

वैदेहीनं अंगणात रांगोळीची मोठी चौकट आखली. "मावशी, नीट बघा. ह्या चौकटीत आपण तिला हात लावायचा. उचलायचं, बसवायचं, पट्टे आवळायचे. चौकटीच्या बाहेर गेली की संपलं. बाहेर बोटसुद्धा लावायचं नाही."

कडूबाईनं चौकट निरखली. "म्हंजी तुमच्या घरच्या सोवळ्यावानीच की! रेघेच्या आत शिवायचं, भाईर नाय."

"अगदी तसंच," वैदेही हसली. "आणि आमच्या आजीइतकंच कडक."

पंधरा दिवसांत कडूबाई तयार झाली. सायकल चौकटीत शिरली की ती वाघासारखी झडप घालायची. वैदेही खांद्याखाली, ती गुडघ्यांखाली. एक, दोन, आणि दीपमाला खुर्चीत. बेचाळीस सेकंद. कडूबाईला त्या आकड्याचा नादच लागला. कुकरच्या शिट्टीला, नळाच्या हंड्याला, शेजारणीच्या गप्पांना ती सेकंद मोजायला लागली. "ती विशाखा आली, बेचाळीस सेकंदात तीन जणींची निंदा केली."

दीपमालाला पहिल्यांदा वाटलं, जमेल.

फेब्रुवारीतली सकाळ होती. समुद्र शांत, पण तिला खारट पाण्याची सवय नाही. दहा हात मारले की मान वर, दहा हात मारले की मान वर, असं वैदेहीनं घोकून घेतलं होतं. तरी खोड जाते कुठं! ती डावीकडं वळलीच आणि पाण्यातून पाच जणींत चौथी निघाली. चौकटीत कडूबाई उभी होती. नऊवारीवर तिनं ते मदतनिसांचं केशरी जाकीट चढवलं होतं, त्यावर पुढंमागं मोठा क्रमांक. "मर्दिनी दिसायलीस माय," दीपमाला धापा टाकत म्हणाली. "गप. हात वर कर," कडूबाई म्हणाली.

सायकलवर दीपमालानं जटवाडा रोडचं सगळं उसनं फेडून घेतलं. सात किलोमीटरला तिसरी, पंधराव्याला दुसरी. पुन्हा चौकट. वैदेही खांद्याखाली, कडूबाई गुडघ्यांखाली. एकेचाळीस सेकंद. "एक वाचला!" कडूबाई ओरडली, आणि खुर्ची चौकटीबाहेर सुटली.

अडीच किलोमीटरच्या दोन फेऱ्या होत्या. वाटेत खाडीवरचा एक पूल. लांबून सपाट दिसावा आणि जवळ गेल्यावर छातीवर यावा असा. पहिल्या फेरीला दीपमाला चढावर अडखळली, खुर्ची वीतभर मागं आली, पण ती चढली. पुलाच्या पायथ्याशी कडूबाई उभी होती. खरं तर चौकटीतलं काम संपलं की तिनं वैदेहीबरोबर शेवटच्या रेषेकडं जायचं होतं. पण गर्दीतून तिला लेकीची ती वीतभर माघार दिसली, आणि ती हलली नाही.

दुसऱ्या फेरीला दीपमालाचे दंड पेटले होते. तिसरी बाई मागं होती, साधारण दोन बसगाड्यांच्या अंतरावर. पाऊण चढ संपला आणि खुर्ची पुन्हा थांबली. वीतभर मागं. दीपमालानं श्वास घेतला. तिला आठवतं ते असं, की त्या क्षणी ती घाबरलेली नव्हती. दोन ठोसे छोटे, मग एक मोठा, असं ती मनात लावत होती. पहिला छोटा ठोसा मारला. दुसरा मारला.

आणि खुर्ची हलकी झाली.

बारा वर्षांत हजार वेळा तिनं तो हलकेपणा ओळखला होता. मागं न बघता तिला कळलं. "माय! सोड!" ती किंचाळली. "सोड, माय!"

वाऱ्यात कडूबाईला ऐकू गेलं ते 'ओढ' की 'सोड' कोण जाणे. एक स्वयंसेवक त्याच्या भाषेत ओरडत धावत आला, ते तर तिला कळणंच शक्य नव्हतं. ती पदर खोचून, डोकं खाली घालून, दोन्ही हातांनी लोटत होती. अकरा पावलं. माथा आला तेव्हा तिनं हात काढले आणि कमरेवर ठेवून उभी राहिली, समाधानानं.

दीपमाला दुसरी आली. दहा मिनिटांनी पंचबाई आल्या. वयस्कर, चेहऱ्यानं मायाळू. लाल कार्ड दाखवताना त्यांनाच अवघडल्यासारखं झालं होतं. हिंदीत म्हणाल्या, बाहेरची मदत, नियम आहे, माफ करा.

वैदेहीनं कडूबाईला समजावून सांगितलं. कडूबाईनं अंगावरचं केशरी जाकीट दोन्ही हातांनी पुढं ओढून दाखवलं. "मंग ही पाटी कशाला दिली व्हती माह्या गळ्यात? मी भाईरची हाये का? तिला इचार, मी तिची माय हाये."

"मावशी, चौकटीच्या बाहेर..."

"मला बाद करा म्हनावं. लोटलं म्या. पोरीला कशाला?"

पंचबाईंना ते कळलं नाही आणि वैदेहीनं त्याचं भाषांतरही केलं नाही.

परतीच्या गाडीत दीपमाला खिडकीकडं तोंड करून बसली होती. कडूबाईनं संत्रं सोललं, फोडी कागदावर मांडल्या, फोडी सुकल्या. शेवटी तीच बोलायला लागली, खिडकीतल्या अंधारलेल्या डोंगराला सांगितल्यासारखी.

"माह्या माहेरापासून घाट जवळ. उसाच्या गाड्या भरून जायच्या. चढाला बैलं गुडघे टेकायची. मंग रस्त्यानं जो कोन चाललाय तो आपलं गठुडं खाली ठेवायचा आन् गाडीला खांदा लावायचा. गाडी कोनाची, कुठली, इचारायचं नाय. माह्या बापानं तर ज्याच्यासंगं बांधाचं भांडन व्हतं त्याच्या गाडीला खांदा लावला. चढ संपला, परत भांडन. चढावरच्या गाडीला हात न लावता म्होरं गेलं त्याला मानूस म्हनत नव्हते आमच्याकडं." ती थांबली. "खुर्ची मागं आली. म्या काय इचार केला नाय, दीपे. हातच गेले."

"मी ऊस नाही, माय," दीपमाला म्हणाली.

मग बांध फुटला. "पहिल्या फेरीला चढले होते ना मी? बघितलंस ना? दुसऱ्यालाही चढले असते. कदाचित नसते चढले, तिसरी आले असते. पण ते आता कुणाला कळणार? मलासुद्धा नाही कळणार! सहा वर्षं घातली मी, हे एवढं एक कळावं म्हणून, आणि ते तू अकरा पावलांत घेऊन गेलीस."

समोरच्या बाकावरच्या बाईनं कडूबाईकडं पाहून 'जाऊ द्या' अशी मान हलवली. कडूबाईनं फोडींचा कागद गुंडाळला.

एवढ्यावर भागलं असतं तरी बरं. पण पुलावर कुणीतरी मोबाईल धरून उभं होतं. आठ दिवसांत ती अकरा पावलं घराघरांत पोचली. नऊवारीतली आई, केशरी जाकीट, वाकलेली पाठ, पुढं खुर्चीत झुंजणारी लेक. खाली रडकं बासरीसंगीत, वर अक्षरं: 'आई ती आईच!' दीपमालाचं 'सोड, माय' बासरीखाली दबून गेलं होतं. बाद झाल्याचं त्यात नव्हतं. कॉलेजातल्या परीक्षा विभागात प्राध्यापक डोळे पुसत आले. "तुमच्या मातोश्रींना नमस्कार सांगा." शेजारच्या विशाखाकाकूंनी कडूबाईच्या पाया पडायचा प्रयत्न केला. रविवारी मामाचा फोन आला, आत्याचा आला, ज्यांनी बारा वर्षांत कधी केला नव्हता त्यांचाही आला. प्रत्येकाला दीपमाला सांगायची, "त्याच्यामुळं मी बाद झाले," आणि प्रत्येक जण म्हणायचा, "असू दे गं, पदकापेक्षा माया मोठी."

मग राजेंद्रभाऊ आले. वॉर्डातलं कुठलंही उद्घाटन त्यांच्याशिवाय होत नाही. "ताई, सत्कार ठेवलाय. दोघींचा. नाही म्हणायचं नाही, फ्लेक्स छापून झालेत."

"भाऊ, सत्कार कशाचा? मी बाद झाले."

"तेच तर! हार-जीत कोण बघतं?"

"मी बघते," दीपमाला म्हणाली. पण भाऊ तोवर फोनवर मांडववाल्याशी बोलायला लागले होते.

ती गेली, कारण कडूबाई म्हणाली, "मला तिथं बोलायचंय." काय, ते सांगितलं नाही.

मांडव मोठा होता. फ्लेक्सवर 'धन्य ती माता', कडूबाईचा फोटो लग्नातून कापून घेतलेला, शेजारी कुण्या वऱ्हाडणीचा अर्धा खांदा. व्यासपीठाला चार पायऱ्या, उतार नाही. दीपमाला सांगायला तोंड उघडणार तोच चार कार्यकर्ते आले. दोघांनी चाकं धरली, दोघांनी पाय, आणि 'उचला रे, सावकाश!' करत तिला देव्हाऱ्यासारखी वर नेऊन ठेवली. टाळ्या पडल्या. तिला दात-ओठ खावेसे वाटले. घरात कपाटभर शाली झाल्या होत्या. एकाही शाल देणाऱ्यानं कधी पायरी मोजली नव्हती.

शाल, नारळ, भाषणं. मग भाऊंनी माईक कडूबाईच्या तोंडाशी धरला. तिनं तो दोन्ही हातांत घट्ट धरला, परातीसारखा.

"ते मायेचं नव्हतं," ती म्हणाली. "ते चुकलं माह्याकडून."

तिनं माईक आणखी जवळ ओढला.

"मला रेघ आखून दिली व्हती. रेघेच्या भाईर हात लावू नको म्हनून सांगितलं व्हतं. म्या लावला. पोर दुसरी आली व्हती, माह्यामुळं बाद झाली. ती चढली असती. म्या चढू दिलं नाय तिला. आता तुमी ते बघून रडायले. रडू नका. ते चांगलं नाय."

आणि मग पहिल्या रांगेतून कुणीतरी उठलं आणि टाळी वाजवली. दुसरं उठलं. सगळा मांडव उभा राहिला. टाळ्यांचा कडकडाट. बायका पदर डोळ्यांना लावत होत्या. राजेंद्रभाऊंनी माईक ओढून घेतला, त्यांचाही आवाज भरून आला होता. "बघा! बघा ही नम्रता! एवढं करूनही माउली म्हणते, चूक झाली!"

कडूबाई दीपमालाकडं वळली. तिच्या चेहऱ्यावर इतका निखळ वैताग दीपमालानं कधी पाहिला नव्हता. ताकात माशी पडल्यावरही नाही.

"हे आयकंनात गं, दीपे," ती म्हणाली.

"बारा वर्षं हेच सांगतेय तुला," दीपमाला म्हणाली.

खाली उतरवायला तेच चौघं आले. कडूबाई मध्ये उभी राहिली. "थांबा. तिला इचारा आधी." चौघं एकमेकांकडं पाहायला लागले. त्यातल्या एकानं कसनुसं हसत विचारलं, "ताई... घेऊ?" दीपमालानं थोडा वेळ मुद्दाम घेतला. मग म्हणाली, "पाय नका धरू. फक्त चाकं." एवढंच. त्या दिवशी मिळालेलं तेवढंच.

शिबिराला तिसरी आलेली बाई गेली. तिचं नाव यादीत वाचून दीपमालानं फोन उलटा ठेवला आणि दोन दिवस सरावाला गेली नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे कडूबाईनं तिला हलवलं. "ऊठ. त्या जटवाड्याच्या चढाला जाऊ."

"कशाला? पुढची स्पर्धा दहा महिन्यांवर आहे. झाली तर."

"तुला कळायचं राह्यलंय म्हनलीस ना? मलाबी राह्यलंय."

वैदेही गाडीनं खुर्ची घेऊन आली. त्या चढाची गंमत अशी की तो पुलापेक्षा लांब आहे. वैदेहीनं आधी दीपमालाला पाच किलोमीटर पळवलं, दंड पेटेपर्यंत, आणि मग चढाला लावलं. कडूबाई पाऊण चढावर दगडावर बसली होती. पहिल्या खेपेला खुर्ची तिच्यासमोरच थांबली आणि मागं आली. वीतभर, मग हातभर. दीपमालानं कड्या दाबून धरल्या, तिरकी होऊन थांबली, खाली परत गेली. दुसऱ्या खेपेलाही तेच. ती मोठ्यानं रडली, राग आला म्हणून. "बघ! नसतेच चढले! कशाला आणलंस इथं?"

"काय म्हाईत," कडूबाई म्हणाली. "तितं वारा व्हता. जा, परत ये."

तिसऱ्या खेपेला मागून घरघर आली. तेच रिक्षावाले चाचा. दीपमाला पाऊण चढावर अडली होती, खुर्ची थरथरत होती. चाचांनी वेग कमी केला, पाय बाहेर काढला.

"आपा, धक्का मारूं?"

"खबरदार!" कडूबाई दगडावरून उठली. तिची हिंदी हर्सूलची होती आणि आवाज घाटातला. "हात लगाया तो! बिलकुल हात नक्को लगाव!"

चाचा दचकले. त्यांनी त्या म्हातारीकडं पाहिलं, खुर्चीतल्या बाईकडं पाहिलं, आणि मागून येणाऱ्या विटांच्या ट्रकाकडं पाहिलं. मग रिक्षा आडवी घालून इंजिन बंद केलं. ट्रकवाल्यानं हॉर्न दिला. "रुक ना रे बावा," चाचा पान चघळत म्हणाले, "आपा का काम चलरा."

दोन छोटे, एक मोठा. खुर्ची हलली नाही. दोन छोटे.

कडूबाईचे हात पुढं आले होते. दीपमालाला ते डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसले, अर्ध्या वाटेपर्यंत आलेले. मग कडूबाईनं ते मागं घेतले, पदरात गुंडाळले, आणि गुंडाळलेल्या पदराची गाठ दातांनी ओढून घट्ट केली.

"येडे, बेचाळीस झाले!" ती दातांत पदर धरून ओरडली. "मोठा मार की आता!"

दीपमालानं मोठा मारला. खुर्ची वीतभर पुढं गेली. जड होती, जेवढी असायला हवी तेवढीच जड.